समुद्राकडे निघालेले भाऊजी

जन्मात एकदाही समुद्र न पाहता त्याच्यासाठी इतका वेडा झालेला माणूस आमच्या धाकट्या भाऊजींखेरीज दुसरा कुणी झाला नसेल, आणि झाला असलाच तर त्याच्या वहिनीची मला मनापासून कीव येते. भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे पाठचे भाऊ. मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा ते पुण्याच्या कॉलेजात सायन्सला होते; रोज सकाळी शटल गाडीने जात आणि संध्याकाळी परत येत. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नुकताच उभा राहत होता, आमच्या ह्यांना तिथे नोकरी लागली होती, आणि गावातला जो तो आपल्या मुलाला तिथे चिकटवण्याच्या खटपटीत होता. अशा दिवसांत, पवनेच्या काठी पिढ्यानपिढ्या ज्वारी-भुईमूग पिकवणाऱ्या माळकरी घरात, जिथे माशाचं नाव निघालं तरी चूळ भरायची पद्धत, तिथे ह्या मुलाने जाहीर करून टाकलं होतं की मी समुद्रातल्या जीवांचा शास्त्रज्ञ होणार. घरात कुणी विरोध केला नाही. विरोध करायला आधी कळावं लागतं.

माझं माहेर दापोलीच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. काका खडकीला नोकरीला होते, त्यांनी हे स्थळ काढलं. माळकऱ्यांचं घर म्हटल्यावर आईने लग्नाआधी महिनाभर मला दोन्ही वेळा मासे खाऊ घातले, जणू मी तुरुंगातच निघाले होते. तर अशी मी माप ओलांडून सासरच्या उंबऱ्याच्या आत आले, बायका नाव घ्या म्हणून मागे लागल्या, आणि तेवढ्यात त्या गर्दीतून एक उंच, काटकुळा मुलगा पुढे आला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, समुद्राचं पाणी वाळल्यावर अंगाला चिकटतं का हो?" मी खाली मान घालून "हो" म्हटलं. सासरी तोंडातून निघालेला माझा पहिला शब्द नवऱ्याच्या नावाचा नसून समुद्राच्या पाण्याचा होता, हे आमच्या ह्यांनी मला पुढे अनेकदा ऐकवलं. भाऊजींना मात्र देव भेटल्यासारखं झालं. घरात समुद्राजवळून आलेलं माणूस आहे म्हटल्यावर त्यांनी मला एक दिवस मोकळं सोडलं नाही. मी भाकरी थापत असे आणि ते चुलीपुढे उकिडवे बसून विचारत, की बांगड्याचे कल्ले आतून कसे असतात, सुरमई खोल पाण्यात राहते की उथळ, ओहोटीला खेकडे कुठे जातात. माझं माशांचं ज्ञान स्वयंपाकघरापलीकडे कधी गेलंच नव्हतं. बांगड्याला तिरफळ लागतं आणि कोलंबीला कोकम, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकत होते. भाऊजी तेही मन लावून ऐकत आणि मग विचारात पडत, की तिरफळाचा आणि कल्ल्यांचा संबंध काय असेल. मी आपली तव्यावरची भाकरी उलटत असे.

हे वेड आलं कुठून, हे मी एकेकाला विचारून पाहिलं आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं. सासूबाई म्हणत, हा पोटात असताना मला खारट खायचे डोहाळे लागले होते. आमचे हे म्हणत, मॅट्रिकला भूगोलात बरे मार्क पडले आणि त्याच्या डोक्यात हवा गेली. खुद्द भाऊजी कधी कॉलेजातल्या बरणीतला तारामासा सांगत, तर कधी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलातलं निळ्या समुद्राचं कॅलेंडर. एकदा मी फारच खनपटीला बसले तेव्हा म्हणाले, "वहिनी, खरं सांगायचं तर मलाच आठवत नाही. सुरुवात कशी झाली तेच विसरलोय, मग आता मधेच सोडायचं कसं?" ह्या उत्तरावर मी दोन दिवस विचार केला आणि होता तो गोंधळ वाढला.

समुद्रावर जायची तयारी मात्र त्यांनी घरीच सुरू केली होती. अंगाला सवय व्हावी म्हणून आंघोळीच्या बादलीत दोन मुठी खडेमीठ टाकायचं. मीठ भराभर संपायला लागलं तेव्हा सासूबाईंना वाटलं, सून कोकणातली, हिचा हात मिठाला सैल असणार. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण प्रत्येक भाजी आधी बोटाने चाखून बघू लागल्या. शेवटी भाऊजींच्या अंगाला खाज सुटली, पाठीवर चट्टे उठले आणि खरं काय ते बाहेर आलं. मग खोबरेल तेलाची वाटी घेऊन सासूबाई मुलाची पाठ चोळत बसल्या आणि म्हणाल्या, "आरं, तो समिंदर हितं यायचा न्हाई, तुलाच जायचंय. मंग जाशील तवा खाजव की." दुसरी तयारी बोट लागू नये, म्हणजे बोटीत उलटी होऊ नये म्हणून. मामंजी बैलगाडीतून कांदा घेऊन चाकणच्या बाजाराला निघाले की भाऊजी गाडीच्या मागच्या टोकाला, तोंड उलट्या दिशेला करून बसत आणि खड्ड्याखड्ड्यांतून पुस्तक वाचत. मोशी ओलांडेपर्यंत त्यांचा चेहरा पांढराफटक व्हायचा आणि चाकणच्या वेशीत शिरताना ते गाडीतून उतरून बाभळीच्या आडोशाला पळायचे. परत आल्यावर मला मोठ्या समाधानाने सांगत, "आज मागच्या खेपेपेक्षा उशिरा झाली, वहिनी. प्रगती आहे." मामंजी त्या वेळी बैलांना पाणी दाखवत असत आणि बैलांकडेच बघत राहत.

नदीवरच्या अभ्यासाने तर त्यांनी गाव गोळा करायचं बाकी ठेवलं होतं. घाटाच्या कडेला पालथं झोपायचं, नाक पाण्याला टेकवायचं आणि तासन्‌तास मरळ, शिंगाडा असले मासे बघत राहायचं. घाटावर बायका धुणं धूत असत. त्यांनी येऊन सासूबाईंकडे तक्रार केली. सासूबाईंनी भाऊजींना विचारलं, तर ते म्हणाले की तिथे बायका असतात हे मला माहीतच नाही. आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून सगळ्यांना पटलं की खरंच माहीत नाही, आणि त्याचाच घाटावरच्या दोन तरुण मुलींना जास्त राग आला. पुढे ते पाण्याखाली डोळे उघडे ठेवून पोहू लागले, कारण मासे डोळे मिटत नाहीत. दुपारपर्यंत डोळे तांबडेलाल होत. दारूबंदीचे दिवस होते. एकदा स्टेशनावर हवालदाराने त्यांना थांबवून तोंडाचा वास घेतला. वास आला नाही तेव्हा त्याने विचारलं, मग डोळे असे का. भाऊजींनी खरं काय ते सांगितलं, की मी माशांना दिसतं तसं बघायचा सराव करतोय. त्यावर हवालदाराची खात्रीच पटली आणि ह्यांना कारखान्यातून रजा टाकून चौकीवर जावं लागलं.

मामंजी फार कमी बोलत. पण एका संध्याकाळी ओसरीवर तंबाखू मळता मळता त्यांनी विषय काढला. भाऊजींचं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मासं धरायचं न्हाई, खायचं न्हाई, इकायचं न्हाई. मंग त्या माशांचं करायचं तरी काय?"

"बघायचं," भाऊजी म्हणाले.

"बघायचा पगार देतंय सरकार?"

"देतं."

मामंजींनी तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले की मी जलमभर शेताकडं बघतोय, मला तर कुनी देत न्हाई. ह्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं, आणि भाऊजींना खरोखरच समजावून सांगता येत नव्हतं, आणि मधे बसलेल्या मला दोघांचंही पटत होतं.

माळेचा प्रश्न त्याहून अवघड होता. भाऊजींच्या गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ होती आणि कॉलेजात बेडूक फाडावा लागे. त्यांनी त्यातून स्वतःपुरती एक वाट काढली होती. टेबलाशी उभं राहायच्या आधी ते माळेची गाठ पुढे घेऊन मणी पाठीकडे सरकवत, म्हणजे माळेला काही दिसत नाही. बेडकाची मनात क्षमा मागत, काम उरकत आणि हात धुऊन माळ पुन्हा पुढे आणत. मी म्हटलं, "भाऊजी, देवाला पाठीमागचं दिसत नाही असं तुमच्या कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" ते म्हणाले, "देवाला दिसतं हो. पण मी लाजलोय हेसुद्धा दिसतं ना." तेव्हापासून मी त्यांची थट्टा जरा कमी केली.

ह्या सगळ्या उलटसुलट कारभाराला एकच खरी दिशा मिळाली, ती हिवतापाच्या मोहिमेमुळे. त्या वर्षी कॉलेजातल्या मुलांमधून स्वयंसेवक घेऊन त्यांना आसपासच्या गावांत धाडत होते. कुणी फवारणीवाल्यांबरोबर फिरायचं, कुणी गोळ्या वाटायच्या, आणि कुणी विहिरींत गप्पी मासे सोडायचे. गप्पी म्हणजे बोटाच्या पेराएवढे मासे, डासांच्या अळ्या खाऊन जगणारे. मासे म्हटल्यावर भाऊजींनी पहिला हात वर केला. मोहिमेवरचे डॉक्टरसाहेब मोठे कडक गृहस्थ होते, पण ह्या मुलाचं समुद्राचं वेड ऐकून त्यांना गंमत वाटली. सरकारने समुद्रकाठी माशांच्या अभ्यासाचं एक केंद्र काढलं होतं, तिथे उमेदवारीला मुलं घेणार होते, आणि डॉक्टरसाहेबांचे थोरले बंधू तिथे वरच्या जागेवर होते. साहेबांनी भाऊजींना सांगितलं, एक गाव तुमच्याकडे देतो. पावसाळा संपताना मी स्वतः विहिरी बघायला येईन. पाण्यात अळी दिसली नाही तर मी तुम्हाला बंधूंकडे धाडतो. शेतकऱ्याच्या मुलाला समुद्राकडे जायची ह्याहून दुसरी वाट नव्हती, आणि हे भाऊजींना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी ते घरी आले ते जेवलेच नाहीत, नुसते हसत बसले.

गाव त्यांनी मागून घेतलं चऱ्होली, कारण ते सासूबाईंचं माहेर. मामा, माम्या, मावसभाऊ, सगळं गाव ओळखीचं, कुणी अडवणार नाही. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतून त्यांनी काचेच्या मोठ्या बरण्या आणल्या, त्यांत गप्पी भरले, आणि सायकलला दोन्ही बाजूंनी बरण्या बांधून, पाणी हिंदकळू नये म्हणून बहुतेक वाट चालतच चऱ्होलीला गेले. विहिरीविहिरीवर लोक जमवून त्यांनी सांगितलं की हे मासे डासांच्या अळ्या खातात, त्यांना दुसरं काहीएक घालू नका, उपाशी राहिले तरच काम करतील. लोकांनी एका सुरात "बरं" म्हटलं. आमच्या भागात लोक इतक्या चटकन बरं म्हणाले की काळजी करावी, हे भाऊजींना कळायला हवं होतं.

पंधरवड्याने ते विहिरींवर फिरले तर मासे होते आणि अळ्याही होत्या. दोघं गुण्यागोविंदाने नांदत होते. भाऊजी चक्रावून गेले. आधी त्यांना वाटलं पाणी गार आहे. मग वाटलं पाणी जड आहे. मग वाटलं ह्या माशांना चऱ्होलीत करमत नसेल. एक संबंध दिवस ते थोरल्या विहिरीच्या पायरीवर बसून राहिले. एका माशाने एका अळीकडे पाहिलं आणि तो बाजूने निघून गेला, असं त्यांनी घरी येऊन हताशपणे सांगितलं. सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या की मासं गुनाचं दिसत्यात, जीव मारत न्हाईत. भाऊजींनी कपाळाला हात लावला.

उलगडा माझ्यासमोर झाला. सासूबाई त्या दिवसांत माहेरी फार जाऊ लागल्या होत्या, आणि एकदा मलाही बरोबर घेऊन गेल्या. गेल्या गेल्या त्यांनी भावजयांना हाक मारली, सगळ्या मिळून थोरल्या विहिरीवर गेल्या, आणि प्रत्येकीने ओच्यातून कणकेच्या बारीक गोळ्या काढल्या. देहूला, आळंदीला इंद्रायणीच्या डोहात मासे असतात. त्यांना कुणी धरत नाही. जाणारा येणारा चुरमुरे घालतो, कणकेच्या गोळ्या घालतो आणि हात जोडतो. ह्या बायकांनी जन्मभर मासा पाहिला तो असाच. मासा दिसला की खायला घालायचं, ह्यापलीकडे त्याचं दुसरं काही करता येतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि हे मासे तर लेकाने आणलेले, आजोळी आलेले. पोराने त्यांना उपाशी ठेवायला सांगितलं हे सासूबाईंना मनापासून लागलं होतं. "येडं हाय ते," त्या मला म्हणाल्या, "पुस्तकात वाचून बोलतंय. लांबनं आनल्यात बिचारी, कुनाच्या तरी भरवशावरच की न्हाई?" थोरल्या मामींनी मला त्यातली आणखी एक गोष्ट सांगितली. एकादशीला त्या माशांना कणीक घालत नसत. त्या दिवशी शेंगदाण्याचं कूट आणि राजगिरा असे.

मी येऊन भाऊजींना सांगितलं तेव्हा त्यांना हसावं की रडावं समजेना, आणि त्यांनी थोडं थोडं दोन्ही केलं. मग त्यांनी आईला जवळ बसवून हात जोडून सांगितलं, की आई, ह्यावर माझं समुद्रावर जाणं ठरायचंय, घालू नकोस. समुद्राचं नाव निघाल्यावर सासूबाई गंभीर झाल्या. त्यांनी माळेला हात लावून शब्द दिला आणि माहेरच्या सगळ्या बायकांकडूनही घेतला, आणि तो पाळलासुद्धा. श्रावण सरेपर्यंत चऱ्होलीच्या विहिरींचं पाणी निवळ झालं. मासे वाळले, पण चपळ झाले. भाऊजी रोज संध्याकाळी येऊन मला सांगत, आज अमक्या विहिरीत एकही अळी नाही. त्यांनी माझ्याकडून कोकणातल्या गाड्यांच्या वेळा विचारून घेतल्या. मी ट्रंकेतून माझी जुनी घोंगडी काढून उन्हात टाकली, समुद्रावर वारा फार असतो म्हणून. एवढा आनंदी माणूस मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता, आणि त्यांच्याकडे पाहून मलाही उगाचच माहेरी निघाल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टरसाहेब येणार तो दिवस भाऊजींनी आठवडाभर आधी घरात सांगितला. इथेच सगळं फिसकटलं. साहेब बघायला येणार, हे सासूबाईंनी ऐकलं. बघायला येणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं माहीत होतं. चार मुली त्यांनी दाखवून उजवल्या होत्या. कुणी बघायला येणार असलं की आठ दिवस आधीपासून मुलीला साय-दूध सुरू करायचं, म्हणजे चेहऱ्यावर तेज येतं. मासे तर हाडाला लागलेले. असे मासे पाहून साहेब काय म्हणेल, ह्या घरात खायला नाही? दिलेला शब्द त्यांच्या लक्षात होता, पण तो शब्द रोजच्या दिवसांसाठी होता, दाखवायच्या दिवसांसाठी नव्हे, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. त्या माहेरी जाऊन राहिल्या आणि सगळ्या भावजयांना कामाला लावलं. आम्हाला कुणालाच पत्ता नाही. सासूबाई माहेरच्या कुठल्याशा कार्याची जमवाजमव करायला गेल्यात, असं मामंजींनी सांगितलं, आणि त्यांना तसंच वाटत होतं.

डॉक्टरसाहेब आले त्या सकाळी मी आणि हेसुद्धा चऱ्होलीला गेलो होतो. थोरल्या विहिरीभोवती गाव जमलं होतं. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बायकांच्या पुढे उभ्या होत्या. साहेबांनी लांब दांड्याचं पांढरं ओगराळं पाण्यात बुडवून वर काढलं आणि उन्हात धरलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. पुन्हा बुडवलं, पुन्हा अळ्या. खाली कडेच्या सावलीत गप्पी थव्याने पडून होते, पोटं टम्म फुगलेली, हलायला तयार नाहीत. भाऊजींनी एकदा ओगराळ्यात पाहिलं, एकदा माशांकडे पाहिलं, आणि मग आईकडे. सासूबाई त्यांच्याकडे बघून मान हलवत होत्या, की बघ कसे दिसतायत.

साहेबांनी विचारलं, "ह्या माशांना कुणी खायला घालतं का?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाई मात्र एक पाऊल पुढे झाल्या. कुणाचं कौतुक करायचं ते साहेब विचारतायत, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "मी घालतो, साहेब."

"तुम्ही? घालू नका हे गावाला तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"हो."

"मग?"

"उपाशी बघवेनात."

 साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी ओगराळं पाण्यात धुऊन काढलं, शिपायाच्या हातात दिलं आणि मवाळपणे म्हणाले, "समुद्रात सगळेच मासे उपाशी असतात हो. तिथे तुमचं कसं निभावणार?"  भाऊजी विहिरीत बघत होते. आई घालते, एवढे दोन शब्द बोलले असते तर साहेबांनी त्यांना आणखी महिना दिला असता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. मी पुढे व्हायला लागले तर ह्यांनी माझा दंड धरला.

साहेबांची जीप गेल्यावर सासूबाई लगबगीने आल्या आणि विचारलं, काय म्हनले सायब. भाऊजी म्हणाले, "म्हणाले, एवढे गुटगुटीत मासे सगळ्या जिल्ह्यात पाहिले नाहीत." सासूबाईंनी भावजयांकडे असं काही ऐटीत पाहिलं की त्या सगळ्या हसायला लागल्या. गावाने आम्हाला जेवू घातलं. परतताना मी भाऊजींना एका बाजूला घेऊन म्हटलं, की हे बरोबर नाही, मी सांगणार आहे सासूबाईंना. मला त्यांचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी येत होतं. ते म्हणाले, "वहिनी, तिला सांगून अळ्या कमी होणार आहेत का?"  

त्यानंतर काही दिवस घरात भलताच प्रकार चालला होता. सासूबाई मुलाच्या प्रवासाची तयारी करत होत्या, आणि भाऊजी त्यांना करू देत होते. शेंगदाण्याचे लाडू झाले, लसणाची चटणी झाली, नवं अंथरूण शिवून झालं. मग एका संध्याकाळी भाऊजी ओसरीवर येऊन म्हणाले, "आई, मी जात नाही. मला तिकडे करमायचं नाही." मामंजींनी तंबाखू मळणं थांबवलं. सासूबाई हातातला डबा तसाच धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आरं, मी तर जा म्हनतीय की." ते म्हणाले, तू म्हणतेस ग, पण माझाच पाय निघत नाही. सासूबाईंनी डबा खाली ठेवला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेल्या. नंतर मी स्वयंपाकघरात गेले तर त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं.

भाऊजी बी.एस्सी. झाले आणि पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यातच प्रयोगशाळेत लागले. तिथे त्यांचं काम बाटल्यांमधल्या बुरशीवर नजर ठेवायचं. मामंजींना ते लगेच समजलं. बघायचा पगार मिळतो हे त्यांना शेवटी पटलं. भाऊजींचं लग्न झालं, मुलं झाली. दर दिवाळीला मी भाऊबीजेला माहेरी निघाले की ते सामान घेऊन मला गाडीपर्यंत पोचवायला येत. मी दरवर्षी म्हणे, चला की बरोबर, आठ दिवसांचा तर प्रश्न. ते म्हणत, पुढल्या वर्षी नक्की, वहिनी. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहून विचारत असत, की आता तिकडे वारा कुठल्या बाजूचा असेल. मी काहीतरी सांगत असे.

सासूबाईंनी मात्र ही गोष्ट आयुष्यभर सांगितली. घरी आलेल्या प्रत्येक सोयऱ्याला, कारखान्यातल्या लोकांना, भाऊजींच्या सासरच्यांना त्या सांगत, की सरकार ह्याला समुद्रावर बोलवत होतं, मोठा साहेब जीप घेऊन आला होता, पण ह्याचा आईवर इतका जीव की गेला नाही. भाऊजी तिथेच बसलेले असत. मला वर्षानुवर्षं वाटत आलं, की ह्या माणसाने आपल्या आईला एका खोट्यावर जगवलं, आणि त्यापायी स्वतःचा समुद्र घालवला. त्यांच्याबद्दल मला माया होती, पण ह्या एका गोष्टीचा रागही होता.

सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते आणि भाऊजी उशाशी बसले होते. सासूबाईंना बोलायला त्रास होत होता. तरी त्यांनी भाऊजींचा हात धरून विचारलं, "तवा माझ्यासाठीच ऱ्हायलास न्हवं रं?"

भाऊजी म्हणाले, "तुझ्यासाठीच, आई."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खोटं बोलताना माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. चार मुलं वाढवली आहेत मी. भाऊजी तसे दिसत नव्हते. त्या विहिरीवर त्यांना दोनच शब्द बोलायचे होते आणि ते त्यांनी उच्चारले नाहीत, ते कुणासाठी, हा विचार इतक्या वर्षांत माझ्या मनात कसा आला नाही, ते मला समजेना. सासूबाईंनी समाधानाने डोळे मिटले आणि त्यांचा हात तसाच धरून ठेवला, आणि मी पाय चेपत राहिले.